येळवशीला आलेले सर

आमच्या घरात आधी हात बोलायचा, तोंड नंतर. बापूंचा, म्हणजे माझ्या वडलांचा हात तर असा की तो उठलाय हे कळेपर्यंत बसलेला असायचा. भाजीत मीठ जास्त पडलं, फाट्. बैल दावं तोडून दुसऱ्याच्या हरभऱ्यात घुसला, तर बैलालाही फाट् आणि बैल बांधणाऱ्यालाही. माय मार खायची, पण गप राहून खायची नाही. एकदा तिनं चुलीतलं पेटतं लाकूड बापूंच्या पायावर फेकलं होतं आणि वर ‘आता नाचा’ म्हणाली होती. सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मी भाकरी थापल्याचा आवाज ऐकायची. थाप सावकाश, एकसारखी पडत असली की घरात सगळं ठीक. काठवटीत नुसताच धबाधबा आवाज असला की मी समजून जायची, आज दप्तर उचलून मागच्या दारानं निघायचं. भाकरी मात्र दोन्ही दिवशी तितकीच पातळ, तितकीच फुगलेली असायची, याचं मला अजून नवल वाटतं. आता वय झालं म्हणून मी त्या माराला गोड म्हणणार नाही. मार तो मारच. पण रेणापूरच्या पलीकडं आमचं ते गाव, तिथं कुणाच्या घरातून असा आवाज आला तर शेजारी हातातलं काम सोडून बघायलासुद्धा उठायचे नाहीत.

घरात बापूंच्या हाताबाहेर होती ती एकटी गंगूआत्या, बापूंची थोरली बहीण. तिच्या नवऱ्यानं एकदा तिच्यावर पायताण उगारलं, तर हिनं त्याच्या कपाळात पितळी तांब्या घातला, आणि त्याच पावली तोच तांब्या घेऊन माहेरी आली ती कायमची. तांब्याला पडलेला पोचा तिनं कधी नीट करून घेतला नाही. पाहुणे आले की त्याच तांब्यानं पाणी द्यायची आणि पोच्यावर बोट ठेवून म्हणायची, ‘हे आमच्या मालकाचं कपाळ.’ बापू तिच्यासमोर आवाज चढवायचे, हात नाही. बाहेर मात्र बापूंना कुणाची भीड नव्हती. चुलत भावांनी बांध कोरला म्हणून त्यांनी तिघांना नांगराच्या रुमण्यानं झोडपलं होतं. एकाचा हात कोपरातून मोडला, तो पुढं जन्मभर वाकडाच राहिला. तेव्हा ठाण्यावर नेऊन बसवलं आणि सोडताना फौजदारानं बजावलं होतं, पुन्हा आलास तर आत घालीन, मग पोरीबाळींना काय खायचं ते खाऊ दे. हे वाक्य मायनं मला इतक्यांदा ऐकवलं होतं की त्या फौजदाराचा आवाज मी न ऐकताच ओळखायची.

असल्या घरात वाढलेल्या पोरीला कबड्डी शिकवावी लागत नाही. हात कुठून येणार हे मला खांद्यावरून कळायचं. मान कधी काढून घ्यायची, कमरेत कधी वळायचं, उंबरा कसा एका उडीत ओलांडायचा, हे सगळं मी बापूंच्या कृपेनं घरीच शिकले होते. गावात दहावीपर्यंत शाळा होती. तिथं खेळाचे नवे सर आले, पुण्याकडचे. त्यांनी मला मधल्या सुट्टीत दोघा-तिघा पोरांच्या हातातून निसटताना बघितलं आणि विचारलं, ‘तुझं नाव काय?’ मी म्हणाले, ‘सुमन.’ ‘सुमन, उद्यापासून मैदानावर.’ माणूस खेळातला खरा होता, हे आजही म्हणेन. चढाई करताना नजर पायांवर ठेवायची, दम पोटात धरायचा, मध्यरेषेकडं तोंड करून पळायचं नाही, हे त्यांनी शिकवलेलं मला अजून जसंच्या तसं आठवतं. पण सरांच्या सायकलला एक जुनी ट्यूब अडकवलेली असायची. दम तुटला की पोटरीवर ट्यूब. पकड सुटली की पाठीवर ट्यूब. आमच्या संघातल्या पोरी संध्याकाळी घरी जाताना परकर खाली ओढून चालायच्या. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बाप मारतो, मास्तर मारतो, उद्या नवरा मारील, त्यात काय विचारायचं?

आणि खेळात जे होतं ते कशातच नव्हतं. मध्यरेषा ओलांडून मी एकटी पलीकडं गेले की तिकडच्या सात जणी माझ्याकडं बघत मागं सरकायच्या. मला बघून कुणी मागं सरकतंय! पोटातून कबड्डी कबड्डी कबड्डी निघत राहायची, पायाखाली माती गरम लागायची, कुणीतरी झडप घालायची, मी तिला अंगावर घेऊन फरफटत रेषेपर्यंत जायची. गुडघे फुटायचे, नखं उलायची, एकदा एका पोरीच्या दातांचे वण माझ्या दंडावर उठले होते. लई मजा यायची. बापू पारावर बसून सांगायचे, ‘आमची सुमी पाच पोरी अंगावर घेऊन येती, हाव! ढेकळागत फोडती एकेकीला.’ बापूंनी माझ्याबद्दल चारचौघांत काही चांगलं बोलावं असं तोवर कधी झालं नव्हतं.

तालुक्याला आम्ही जिंकलो. पण शेवटच्या चढाईत माझा दम संपत आला, मी एका पोरीला शिवायच्या ऐवजी माघारी फिरले आणि पकडले गेले. एका गुणानं कशीबशी निभावली. पोरी नाचत होत्या, मी हसत सरांकडं गेले, आणि सरांनी उजव्या हाताची जी ठेवून दिली ती डाव्या कानावर बसली. ‘जिंकलो म्हणून दात काढतेस? तुझ्यापायी हरलो असतो.’ कानात आधी शिट्टी वाजली, मग विहिरीत डोकं घातल्यागत सगळं लांब गेलं. जिंकल्यावर मारणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आमच्या बापूंनासुद्धा मारायला काहीतरी निमित्त लागायचं. दुसऱ्या दिवशी उशीवर तांबूस डाग होता. मी उशी उलटी करून ठेवली.

इथून पुढं माझी जी गोची झाली ती ऐका. मला खेळायचं आहे का, हेच मला कळेना. मैदानाचा विचार आला की पाय शिवशिवायचे आणि त्याच वेळी हात आपसूक डाव्या कानावर जायचा. सोडते म्हणावं, तर बापू म्हणणार, पारावर माझं नाक कापलंस, आणि मला फोडून काढणार. का सोडते ते सांगावं, तर बापू सरांना फोडून काढणार, आणि मग तो फौजदार. आणि सोडायचं नसेल तर पुन्हा त्या हातासमोर जाऊन उभं राहायचं. जिल्ह्याचे सामने लातूरला व्हायचे होते. मी रोज संध्याकाळी सरावाला म्हणून निघायची आणि ओढ्याकाठी बोरीखाली बसून दिवस मावळला की परत यायची. येताना गुडघ्यांना माती लावून यायची, आणि शाळेत सर दिसले की दुसऱ्या दारानं निसटायची. माय गुडघे बघून म्हणायची, ‘सोड गं ते मेलं. डोळाबिळा फुटला तर कोण करील तुला?’ बापू म्हणायचे, ‘सोडायचं काय? लातूरचं मैदान मारून ये, मग बघू.’ दोघंही माझ्याशीच बोलायचे आणि दोघंही मला विचारायचे नाहीत.

हे आज लिहायला बसले त्याला कारण माझी नात. लोह्याच्या शाळेत शिकवण्यात जन्म घालवून मी आता नांदेडला लेकीकडं राहते. लेकीची लेक ओवी, नववीत आहे, शाळेच्या कबड्डी संघात. आता मॅटवर खेळतात, पायात बूट, गुडघ्याला पट्टे. गेले काही दिवस ती संध्याकाळ झाली की सरावाला न जाता मोबाईल घेऊन भिंतीकडं तोंड करून पडते. माझी लेक मला खुणावते, ‘आई, तू खेळलेली आहेस, तूच समजाव तिला.’ जावई म्हणतात, ‘एवढी वर्षं घातली त्यात, आता सोडून कसं चालेल?’ मी ओवीच्या डोक्याला तेल लावते. काय समजावू? माझ्याच तोंडातून बापू बोलतील याची मला भीती वाटते.

माझं बिंग तेव्हा फुटलं ते आत्यासमोर. ती माझी वेणी घालत होती आणि डाव्या बाजूनं हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मी हूं नाही की चूं नाही. तिनं माझं तोंड धरून वळवलं, कान ओढून उजेडात बघितला आणि तिचे ओठ बारीक झाले.

‘कुणी?’

मी कानावर केस ओढले.

‘तुझ्या बापानं?’

‘न्हाई.’

‘मग त्या पुणेवाल्यानं. बोल, न्हाईतर आत्ता हाक मारते भावाला.’

मी सगळं सांगितलं. बोरीखाली बसते तेही सांगितलं. आत्या रडली नाही, चिडली नाही, शिवी मात्र सरांना अशी दिली की ती मी इथं लिहू शकत नाही. मग वेणीचा पेड घट्ट ओढत म्हणाली, ‘ते जाऊ दे मसणात. तुला खेळायचंय का न्हाई, तेवढं सांग.’

‘मला माहीत न्हाई, आत्या.’

‘बरं. मग माहीत व्हईस्तोवर खामखा कुणाला काई बोलू नको. मी हाय.’

बस्, एवढंच. पण त्या दिवशी मी पोटभर जेवले. माहीत नाही असं म्हणायची सोय असते, हेच मला तोवर ठाऊक नव्हतं.

आणि आली येळवस. लातूरकडच्या माणसाला येळवस काय ते सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. पौषाच्या तोंडाला अमावास्या येते, त्या दिवशी गाव ओस पडतं, कारण झाडून सगळे आपापल्या रानात असतात. ज्वारीच्या फडाशेजारी कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, मग ‘व्हलगे व्हलगे सालम पलगे’ म्हणत आंबील शिंपडत पिकाभोवती फिरायचं आणि जेवायला बसायचं. माय आदल्या दिवसापासून राबत होती. वाटाणा, तूर, पावटा, हरभरा, चिंच, बेसन सगळं शिजून एकजीव झालेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, आणि लसणाच्या वासाची थंडगार आंबट आंबील मोठ्या बिंदग्यात. आणि एक रीत पक्की. येळवशीला कोपीजवळून जाणारा माणूस उपाशी पुढं जाऊ द्यायचा नाही. ओळखीचा असो नसो, वैरी असो, हाक मारून पांडवांसमोर बसवायचा. आणि कोपीत जेवायला बसलेल्या पाहुण्यावर हात उगारायचा नाही. बापूंनी ज्याचा हात मोडला होता तो चुलतभाऊसुद्धा आमच्या कोपीत वाकड्या हातानं खीर ओरपून गेला होता.

सर पुण्याकडचे, त्यांना यातलं काय कळणार? त्यांनी येळवशीच्या दिवशी सराव ठेवला. मैदानावर चिटपाखरू नाही म्हटल्यावर पारा चढला, आणि सायकल मारत ते थेट आमच्या रानात आले. मी त्यांना लांबून बघितलं आणि ताटात हात तसाच राहिला. बापूंना मात्र आनंद झाला. ‘आवो सर! या या! लई नशीब आमचं. सुमे, सरांना पाणी दे.’

‘मी जेवायला नाही आलो. सुमनला न्यायला आलोय.’

‘ते नेताल की. आधी बसा. आज उपाशी गेला तर आमचं पीक रुसंल.’ बापूंनी दंडाला धरून त्यांना बसवलंच. मायनं ताट वाढलं. सरांनी पहिला घास घेतला, चेहरा जरा निवळला, आणि म्हणाले, ‘सामने तोंडावर आलेत आणि ही कितीतरी दिवस सरावाला फिरकली नाही.’

बापू माझ्याकडं वळले. ‘रोज तर जाती.’

‘छे. तालुक्यापासून आलेलीच नाही.’

बापूंचा हात उठला. मी मान काढून घेतली, तो वाऱ्यावर गेला, त्यानं ते जास्तच भडकले. ‘मग कुठं उंडारत होतीस गं? आँ? पारावर मी काय तोंड दाखवू?’ दुसरा हात उठला तेवढ्यात सर हसत म्हणाले, ‘राहू द्या. मी एक कानाखाली दिली होती, तेव्हापासून रुसली असेल. मुलींचं असंच असतं.’

आत्या भज्जी वाढत होती. तिनं पळी पातेल्यात ठेवली. ‘रुसली न्हाई, मास्तर. पोरीचा कान फुटलाय. डाव्या अंगाला तोफ वाजली तरी ऐकू येत न्हाई तिला.’

बापूंनी माझी हनुवटी धरली, कान बघितला. त्यांच्या गळ्याची शीर फुगली. सरांचा घास हातातच होता. बापूंनी एकदा पांडवांकडं पाहिलं, एकदा सरांच्या ताटाकडं, आणि मी कधी ऐकला नव्हता इतक्या मऊ आवाजात म्हणाले, ‘जेवा सर. पोटभर जेवा.’

सर जेवू लागले. एवढ्या दिवसांत बापूंबद्दल त्यांनी गावात ऐकलेलं असणारच, आणि रीतही त्यांना त्या घडीला आपोआप कळली असावी. ताटात अन्न आहे तोवर ते पाहुणे होते. त्यांनी उंडा मागून घेतला. भज्जी मागून घेतली. बापू स्वतःच्या हातानं वाढत होते, ‘घ्या, लाजू नका,’ म्हणत होते. सरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. खीर झाली, पोळी झाली, पुन्हा भज्जी. आंबिलीचा तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी धरून संपवला, आणि आत्यानं तो लगेच पुन्हा भरला. माय तोंडाला पदर लावून बसली होती. मला एकीकडं हसू फुटत होतं आणि दुसरीकडं दातखीळ बसायची वेळ आली होती, कारण सरांचं पोट काही कणगी नव्हती, कधीतरी भरणारच. शेवटी एक घास त्यांच्या घशात अडला, त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, ‘बस्.’

‘हात धुवा,’ बापू म्हणाले. त्यांनी स्वतः पाणी घातलं. ‘चूळ भरा.’ सरांनी चूळ भरली. ‘आता या बांधाच्या पल्याड.’

‘हे बघा, मी शिस्तीसाठी मारलं.’

‘मी बी शिस्तीसाठीच मारतो,’ बापू म्हणाले आणि तोंडावर गुद्दा घातला.

सर पडले. पण ते तालमीतले, पडल्या पडल्या त्यांनी बापूंचे पाय ओढले आणि दोघं हरभऱ्यात लोळायला लागले. एवढं जेवलेला माणूस इतका लढेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी डोकं मारून बापूंचं नाक फोडलं, ते फुटल्याचा आवाज मला उजव्या कानानं स्पष्ट ऐकू आला. बापूंनी त्यांच्या खांद्याला चावा घेतला. सदरे फाटले, रक्त कुणाचं कुणाच्या अंगावर काही कळेना. माय बोंब मारत होती, आजूबाजूच्या कोपींतनं माणसं उठून पळत येत होती, पण रानातलं अंतर ते. सर कसेबसे सुटून उभे राहिले, आणि बापू उठले ते कोपीकडं पळाले. कोपीसाठी मेढी तोडायला आणलेली कुऱ्हाड तिथं पडली होती. ती उचलून ते वळले. त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरलेलं, त्यांना माणूस दिसत नव्हता. सर मागं सरत होते. आत्या ओरडली, ‘धरा रे त्याला!’ आणि धरायला जवळ माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

मी विचार केला नाही. बापू माझ्या अंगावरून पुढं जात होते, उजवा पाय उचललेला, डावा मातीत. मी पालथी झेप घेतली आणि डाव्या पायाचा घोटा दोन्ही हातांनी आवळला. आख्खा बाप तोंडावर आपटला. कुऱ्हाड उडून ज्वारीत गेली. त्यांनी मोकळ्या पायानं लाथ झाडली, ती माझ्या ओठावर बसली, तोंडात रक्त आणि माती एकदमच आली. पुन्हा लाथ. मी डोकं आत घेतलं आणि घोटा उराशी धरला. आणि समोरून, नाक-तोंड सुजलेले सर, ज्यांचा जीव माझ्या दोन हातांवर होता, ते सवयीनं ओरडले, ‘शाब्बास! सोडू नको! कोपर आत घे!’

अगं बाई गं! तिथंच माझं डोकं फिरलं. मी बापूंचा पाय न सोडता सरांवर किंचाळले, ‘तुम्ही गप बसा!’ आणि मग बापूंवर, ‘तुम्ही बी गप पडा! ह्यो म्हणतो खेळ, तुम्ही म्हणता खेळ, माय म्हणती सोड! ह्यो मारतो, तुम्ही मारता! मला इचारा की कुणीतरी! मी काय बैल हाय का?’

बापूंचा पाय लाथा मारायचा थांबला. आत्या येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘इचार की रे पोरीला,’ ती म्हणाली.

बापू तसेच पालथे, नाकातून रक्त मातीत गळत होतं. ‘काय इचारू?’ असं ते खरंच विचारत होते. जन्मात त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं, आणि त्यांना ते जमेना. तोवर माणसं पोहोचली. कुणी सरांना सायकलवर बसवून दिलं, कुणी बापूंना विहिरीवर नेलं. पांडवांपुढची खीर तशीच राहिली होती, ती आत्यानं सगळ्यांना वाटून टाकली. संध्याकाळी पेटता हेंडगा, म्हणजे कडब्याची चूड, घेऊन रानाभोवती पळायचं असतं, ते त्या वर्षी बापूंऐवजी आत्या पळाली.

पुढचे काही दिवस घरात कुणी कुणाला मारलं नाही. त्यानं आम्ही तिघी जास्तच घाबरून होतो. बापू सुजलेल्या नाकानं रानात जायचे, सुजलेल्या नाकानं जेवायचे, माझ्याकडं बघायचे आणि तोंड उघडून मिटायचे. सर रजा टाकून पुण्याकडं निघून गेले. संघाबरोबर लातूरला मराठीच्या बाई जाणार असं ठरलं. त्यांना कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्या नुसत्या ‘सावकाश गं पोरींनो’ म्हणायच्या. म्हणजे आता मारणारं कुणी नव्हतं, आणि तरी मला खेळायचं आहे का ते मला सांगता येत नव्हतं. हे ओवीला कुणी समजावून सांगा, मला जमत नाही. भीती काढून टाकली की खाली आवड सापडेल असं थोरांना वाटतं. तसं लगेच सापडत नसतं, बाई. मी तिला अजून काहीच विचारलेलं नाही, कारण हो आलं तरच मला आवडेल हे ती माझ्या चेहऱ्यावरून ओळखेल.

सामन्यांच्या दिवशी सकाळी माय भाकरी थापत होती. मी अंगणात दात घासत होते. बापू माझी पिशवी घेऊन दारात आले. आत परकर-पोलकं, चटणी-भाकरी, सगळं त्यांनीच भरलं होतं, म्हणून तोंड धड बांधलेलं नव्हतं. पिशवी खाली ठेवून ते माझ्या उजव्या बाजूला आले, मुद्दाम त्या बाजूला, आणि घसा खाकरून म्हणाले, ‘सुमे. जायाचंय का न्हाई?’

मायची थाप थांबली. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. नाक एका अंगाला कायमचं गेलं होतं. मी म्हणाले, ‘न्हाई.’

त्या घरात बापूंना तोंडावर न्हाई म्हणून कुणी धड राहिलं नव्हतं. माझी मान आपोआप खाली गेली. बापूंचा श्वास मोठा झाला, बोटं आवळली, सुटली, पुन्हा आवळली. मग ते म्हणाले, ‘बरं.’ आणि बैल सोडायला गोठ्याकडं चालू लागले.

त्यांनी चार-पाच पावलं टाकली असतील. मला एकदम रडू कोसळलं. छातीवरचा दगड कुणीतरी उचलला आणि त्याच्याखाली इतके दिवस दडपून पडलेलं काहीतरी उठून बसलं. मी चूळ न भरताच पळाले.

‘बापू! थांबा. मला जायाचंय.’

बापू गर्रकन वळले. ‘आगं, आत्ता तर न्हाई म्हणलीस!’

‘तवा न्हाईच होतं. तुम्ही बरं म्हणला, मग जायाचं झालं.’

‘भोसडीच्ये, खेळ लावलाय का माझ्याशी?’ बापूंनी हात उचलला. मी मान काढून घेतली नाही, जागची हललेही नाही. तो हात तसाच वर राहिला, खाली कसा आणायचा ते त्यांना कळेना. मग त्याच हातानं त्यांनी दारातली माझी पिशवी उचलली, खांद्याला लावली, आणि माझ्याकडं न बघता एसटीच्या रस्त्याला लागले.